पाच तारीख

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात भिंतीवर दरवर्षी नवे कालनिर्णय लागते. आजी त्यात एकादशी पाहते. आई मागच्या बाजूला दुधाचा हिशेब लिहिते. धाकटा भाऊ सुट्ट्या मोजतो. अप्पा मात्र सहा वर्षे त्या कागदावर एकच चौकोन पाहत आले, पाच तारखेचा. दर महिन्याचे पान उलटले की ते खिशातले पेन काढून पाच आकड्याभोवती एक गोल ओढत आणि मगच चहा घेत. लहानपणी मला वाटे, हाही एखादा सणच असावा. मात्र या सणाच्या आधी घरात गोडधोड होण्याऐवजी रविवारचे मटण बंद होई, आईचा आवाज चढे आणि अप्पांचा उतरे. मग हळूहळू कळले, की ही हप्त्याची तारीख आहे.

शब्द तसा गमतीचा आहे. मूळ फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात, म्हणून हिंदीत हप्ता म्हणजे आठवडा. मराठीत येताना तो महिन्याचा झाला आणि पैसे बरोबर घेऊन आला. चित्रपटांतले गुंड दुकानदाराकडून वसूल करतात तोही हप्ताच! आमच्या हप्त्यात गुंड कोणी नव्हता. कागद कायद्याचे होते, सही अप्पांची होती आणि साक्षीला मी होते. या लेखात सांगायचे आहे ते त्या साक्षीबद्दल.

आमचे गाव वाईजवळ. घराच्या मागच्या अंगणातून पसरणीच्या घाटाची वळणे दिसतात. अप्पांचे आयुष्य याच घाटात वर-खाली गेले. शिक्षण चौथीपर्यंत. मराठी वाचता येते, पण बोट ठेवून. अठरा वर्षे त्यांनी पाचगणीच्या एका मालकाची गाडी चालवली. पाहुण्यांना टेबललँड, वेण्णा लेक, क्षेत्र महाबळेश्वर दाखवायचे, संध्याकाळी गाडी धुऊन किल्ली मालकाच्या खुंटीला लावायची आणि वडापने घरी यायचे. पगार हातात मिळे, त्याची चिठ्ठी कधी मिळाली नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात एका रात्री जेवताना ते म्हणाले, “अठरा वरसं दुसऱ्याची गाडी पुसली. आता जरा आपली पुसावी म्हन्तो.”

आई घास हातात धरून तशीच राहिली. मग तिने विचारले, “किती लागतील?”

गाडी सात माणसांची, पांढरी, पिवळ्या पाटीची. परवाना, विमा, कर सगळे धरून पाच लाखांच्या घरात जात होती. एक लाख आईची भिशी आणि तिच्या बोरमाळेतून उभे राहिले. उरलेल्या चार लाखांसाठी कर्ज.

जुलै महिना होता. बाहेर पाऊस कोसळत होता. मी आठवीत होते आणि आमच्या शाळेत सेमी इंग्रजी होते. इंग्रजीत मला वर्गात सर्वांत जास्त गुण पडत, म्हणून अप्पा मला मुद्दाम बरोबर घेऊन गेले. कर्ज देणाऱ्या कंपनीची कचेरी एका जिन्यावर होती. तिथला मनुष्य बोलायला गोड होता. “दहा टक्क्यांनी देतोय अप्पा. पाच वर्षं, साठ हप्ते. हप्ता बरोब्बर दहा हजार. हिशेबाला किती सोपं!” असे म्हणून त्याने कागदांचा एक जाड गठ्ठा पुढे सरकवला. सगळे इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या.

अप्पांनी गठ्ठा माझ्याकडे वळवला. “वाच गं जरा, काय ल्हिलंय त्यात.”

मी पहिले पान पाहिले. त्यातले ‘आणि’, ‘अथवा’, ‘करील’ एवढेच शब्द मला कळले. बाकी ओळीच्या ओळी अशा, की एकेका वाक्याला पान पुरत नव्हते. माझ्या पुस्तकातल्या इंग्रजीचा आणि या इंग्रजीचा काही संबंध नव्हता. तो मनुष्य घड्याळाकडे पाहत होता. अप्पा माझ्याकडे पाहत होते. ‘मला येत नाही’ एवढे तीन शब्द म्हणायचे होते. पण ज्या मुलीच्या इंग्रजीचे कौतुक अप्पांनी सगळ्या थांब्यावर केले होते, तिच्या तोंडून ते निघेनात. मी ओळींवरून नजर फिरवल्यासारखे केले. वाचून झाल्यावर माणसे जेवढ्या वेळाने पान उलटतात तेवढ्या वेळाने पान उलटले. सात-आठ पाने झाल्यावर म्हणाले, “बरोबर हाय अप्पा.”

अप्पांनी टोपी सारखी केली आणि सह्यांना सुरुवात केली. प्रत्येक फुलीपाशी थांबून, मोडीच्या वळणासारखी आपली मराठी सही ते सावकाश काढत होते. मी शेजारी बसून पाऊस ऐकत होते.

गाडी घरी आली त्या दिवशी आजीने चाकाखाली लिंबे ठेवली, आईने ओवाळले, नारळ फुटला. गल्लीतल्या पोरांनी आरशात तोंडे पाहिली. अप्पांनी पहिली फेरी आम्हाला घेऊन मारली, ढोल्या गणपतीपर्यंत. परतताना ते एवढेच म्हणाले, “ब्रेक चांगला लागतोय.” अप्पांच्या आनंदाची भाषा तेवढीच असते.

दुसऱ्या दिवसापासून हप्ता घरात राहायला आला.

हप्ता कसा सांभाळायचा, हे शास्त्र आईने स्वतः शोधून काढले. तिने तीन डबे केले. एक डिझेलचा, एक घराचा आणि एक हप्त्याचा. संध्याकाळी अप्पा आले, की आधी हप्त्याचा डबा, मग डिझेलचा आणि उरेल ते घराचे. आम्ही उलटे करीत असू. घरखर्च भागवून उरेल ते शिल्लक, असे समजत असू. आईने तो क्रमच फिरवला. ती म्हणे, “हप्त्याला पावसाळा नस्तो.” आणि हेच आमच्या धंद्यातले खरे दुखणे आहे. महाबळेश्वर-पाचगणीला माणूस येतो तो उन्हाळ्यात, दिवाळीत आणि नाताळात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुके, पाऊस आणि रिकामा थांबा. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला सहामाही हप्ता मिळतो, पीक हाती आले की भरायचा. आमचेही पीक हंगामाचेच, पण हप्ता महिन्याचा. तेव्हा आईने हिशेब मांडला. वर्षाचे एक लाख वीस हजार आठ महिन्यांतच गोळा करायचे, म्हणजे महिन्याला पंधरा हजार, दिवसाला पाचशे. हंगामाच्या दिवसांत पाचशे रुपये डब्यात पडल्याशिवाय चूल पेटायची नाही, असा तिचा नेम होता. विमा, टायर आणि परवान्याचा खर्च वेगळाच.

हप्ता बँकेच्या खात्यातून आपोआप कापला जाई. त्यामुळे चार तारखेला पैसे खात्यात पडलेच पाहिजेत. कमी पडले तर हप्ता परत जातो. मग बँक एक दंड लावते आणि कंपनी दुसरा. अप्पा चार तारखेला डबा पिशवीत घालून बँकेत जात. मोजणी करणाऱ्या बाईंना त्या चुरगळलेल्या नोटा पाहून राग येई. अप्पा हसत म्हणत, “घाटातल्या नोटा हाईत बाई, वळनं घेऊन आल्यात.”

आठ हप्ते असे नेमाने गेले. नववा जायच्या आधी, मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागली.

पाचगणीचे रस्ते ओस पडले. गाडी अंगणात उभी राहिली. तिच्यावर आंब्याचा मोहोर पडून वाळला. अप्पा रोज सकाळी तिला सुरू करून दहा मिनिटे तशीच ठेवत, बॅटरी मरू नये म्हणून. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली आणि मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. अप्पांच्या फोनवर तसा संदेश आला. तो मात्र मी नीट वाचला. हप्ता न भरल्यास चालेल, असे सांगितले. घरात जणू पंढरपूरहून प्रसाद आला! आजीने सरकारला आशीर्वाद दिला. एप्रिल ते ऑगस्ट, पाच हप्ते आम्ही भरले नाहीत. त्या दिवसांत ते भरता आलेही नसते. त्या सवलतीने आमची गाडी अंगणात राहिली, हे मी विसरत नाही. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही, हे त्या संदेशाच्या शेवटच्या ओळीत होते आणि त्या ओळीचे ओझे किती, हे चौदाव्या वर्षी मला कळले नाही.

कळले ते सप्टेंबरात, नवा तक्ता आला तेव्हा. आठ हप्ते म्हणजे ऐंशी हजार रुपये भरून झाले होते. तरीही कंपनीचे येणे ३,९०,००० च्या वर होते. आधी ५२ हप्ते उरले होते, ते ५८ झाले. पाच महिने थांबलो ते पाच आणि वर हे सहा, अशी शेवटची तारीख अकरा महिने पुढे गेली. अप्पांनी तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि कालनिर्णयाच्या मागे खोचून ठेवला. २०२१ च्या पावसाळ्यात अतिवृष्टीने घाटरस्ते बंद पडले, तेव्हा दोन हप्ते चुकलेच. दारात वसुलीचा माणूस येऊन गेला. त्याने आवाज चढवला नाही, पण गल्लीतल्या खिडक्या उघडल्या, हेच पुरेसे होते. ते दोन हप्ते दिवाळीत दंडासह भरले. आई त्या वर्षी साडी न घेता म्हणाली, “मला आता रंगच पसंत पडत न्हाईत.”

मी दहावी झाले, बारावी झाले, आणि आमच्या घरातले पहिले माणूस म्हणून या महाविद्यालयाच्या पायऱ्या चढले. प्रथम वर्षाला, जानेवारी २०२५ मध्ये, अर्थशास्त्राच्या तासाला पतपुरवठा चालू होता. सरांनी फळ्यावर एक उदाहरण घातले. एक लाख रुपये कर्ज, दर दहा टक्के, मुदत पाच वर्षे. पहिली रीत अशी, की वर्षाचे दहा हजार याप्रमाणे पाच वर्षांचे पन्नास हजार व्याज आधीच मुद्दलात मिळवायचे आणि त्या दीड लाखाला साठाने भागायचे. हप्ता २,५०० रुपये. दुसऱ्या रीतीत दर महिन्याला जेवढे मुद्दल शिल्लक असेल तेवढ्यावरच व्याज धरायचे. हप्ता साधारण २,१२५ रुपये. सर म्हणाले, “दोन्हींना दहा टक्केच म्हणतात. पहिल्याला सरसकट दर, दुसऱ्याला घटत्या शिलकेवरचा दर.” वर्गात बऱ्याच जणांनी ते वहीत उतरवून घेतले. मी उतरवले नाही. मी मनात अडीच हजारांची चौपट केली. बरोब्बर दहा हजार आले!

हिशेबाला किती सोपं! तो आवाज मला त्या वर्गात जसाच्या तसा ऐकू आला.

त्या रात्री मी फोनवरचे गणकयंत्र आणि वही घेऊन बसले. चार लाखांवर दहा टक्के घटत्या शिलकेने असते, तर हप्ता ८,५०० च्या आत बसला असता. साठ हप्त्यांचे ५,१०,०००. आमच्या करारात साठ हप्त्यांचे ६,००,०००. फरक नव्वद हजारांचा. उलटे गणित केले, तर आमचा दहा टक्के दर घटत्या शिलकेच्या मापाने सव्वासतरा टक्के निघाला. पहिल्या दहा हजारांच्या हप्त्यातले पावणेसहा हजार नुसते व्याजाचे होते. मुद्दल फिटले होते सव्वाचार हजार. पहाटेपर्यंत मी ते तीन वेळा करून पाहिले, चुकले असेन या आशेने.

तो गोड बोलणारा मनुष्य खोटे बोलला नव्हता. त्याने ‘सरसकट’ हा एक शब्द तेवढा गाळला होता. त्या जाड गठ्ठ्यात तो कुठेतरी असणारच. आणि तो शोधायला नेलेली मुलगी पाने उलटत बसली होती.

चार दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. आधी आजीला सांगून पाहिले, कारण आजी रागावत नाही. तिला टक्केवारी कळेना, म्हणून म्हटले, “आजी, समज, सावकाराकडून पाच पायल्या जोंधळा आणला. दरसाल एक पायली परत केली. पण तो वाढी मात्र शेवटपर्यंत पाच पायल्यांवरच घेतोय.”

आजी ताडकन म्हणाली, “म्हंजे दिलेल्या पायलीवर बी वाढी? आगं, आमच्या टायमाला वाढीदिढीवाला बी एवढा पक्का न्हवता!” जी गोष्ट समजायला मला अर्थशास्त्राचा तास लागला, ती तिला एका वाक्यात कळली.

अप्पांना सांगितले ते अंगणात. ते गाडीची काच पुसत होते. मी वही पुढे धरली आणि आकड्यांच्या आधी दुसरेच बोलून गेले. “अप्पा, त्या दिवशी मी वाचलंच नव्हतं. मला येतच नव्हतं. मी नुसती पानं उलटली.”

अप्पांचा हात थांबला नाही. काचेवर फडके गोल फिरत राहिले. मग म्हणाले, “ठावं हाय मला. तुजं डोळं वळीवर फिरतच न्हवतं. एका जागी हुतं.”

“मग सही का केलीत?”

“वाचलं अस्तंस तरी केलीच अस्ती. त्याच्या आदी दोन बँकांत जाऊन आल्तो मी. तुला ठावं न्हाई. त्यांनी पगाराची चिठ्ठी मागितली, तीन वर्षांचं रिटर्न मागितलं. अठरा वरसं गाडी चालवली, पन कागदावर मी कुटं हाय? ह्यानं काय बी न मागता दिलं. मंग जास्ती घेनारच की त्यो.”

मी काही बोलू शकले नाही. इतके दिवस मला वाटत होते, की नव्वद हजार माझ्या खोटेपणाचे आहेत. तसे नव्हते. ज्याच्याकडे कागद आहे त्याला स्वस्त पैसा मिळतो आणि ज्याच्याकडे नाही त्याला महाग. अप्पा गरजेपोटी, जाणूनबुजून महागात शिरले होते. फक्त किती महाग, ते त्यांना ठाऊक नव्हते. ते ठाऊक असते तर? काही रक्कम आणखी जमवून कर्ज कमी काढले असते, किंवा ‘दर थोडा उतरवा’ असा एक शब्द तरी टाकता आला असता. माणसाला अडचणीत सही करावी लागते, हे खरे. पण आंधळी सही आणि डोळस सही यांत फरक राहतोच. तो फरक ही माझी जबाबदारी होती.

अप्पांनी वही हातात घेतली. “आता दाव, कुटं किती ग्येलं ते.” त्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्यांना एकेक हप्ता फोडून दाखवला. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज मोठे आणि मुद्दल बारके, शेवटी शेवटी त्याच्या उलट. त्यांनी विचारले, “मंग आता उरल्यालं एकदम भरलं तर?” पाच हप्ते उरले होते. हिशेब केला, तर वाचणारे व्याज जेमतेम दोन हजारांच्या आसपास होते आणि मुदतीआधी कर्ज फेडल्याचा आकार लागला असता तो वेगळाच. घाई करायची असते ती सुरुवातीच्या दोन वर्षांत, जेव्हा मुद्दल मोठे असते. अप्पा हसले. “म्हंजे चढाला गिअर बदलायचा, उतरनीला बदलून काय उपेग?” सरांना हे वाक्य मी नंतर सांगितले. ते त्यांनी वर्गात वापरले, असे मी ऐकते.

इतिहासाच्या पेपरासाठी मी १८७५ चे दख्खनचे दंगे वाचले होते. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुपे येथे सुरुवात झाली. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी शेतकऱ्यांनी सावकारांकडचे रोखे काढून जाळले. परीक्षेत मी ‘कारणे’ आणि ‘परिणाम’ असे मुद्दे लिहून मोकळी झाले होते. आता त्यातली एक गोष्ट निराळी दिसू लागली. त्या माणसांचा राग सावकारापेक्षाही त्याच्या कागदावर होता. स्वतःचा अंगठा उठवलेला, पण वाचता न आलेला कागद. १८७९ च्या कायद्यात शेतकऱ्यांचे रोखे गावच्या नोंदणी अंमलदारापुढे करण्याची तरतूद आली, ती त्याच दुखण्यावर. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर एक छोटे तथ्यपत्रक देणे बंधनकारक झाले आहे. सगळे आकार धरून खरा वार्षिक दर किती पडतो ते त्यात लिहायचे, आणि कर्जदाराला कळेल अशा भाषेत लिहायचे. दोन्हींच्या मध्ये एकशेपंचेचाळीस वर्षे गेली. आमच्या २०१९ च्या गठ्ठ्यात असे पत्रक नव्हते.

५ जून २०२५ ला शेवटचा हप्ता गेला. गाडीची किंमत एकीकडे. चार लाखांच्या कर्जापोटी ६६ वेळा पाच तारीख आली होती. मला वाटले होते, की शेवटचा हप्ता गेला म्हणजे गाडी आपली झाली. तसे नसते. आर. सी. वर कंपनीचे नाव चढलेले असते. ते उतरवायला कंपनीचे ना-हरकत पत्र आणि तिच्या सहीचा नमुना क्रमांक ३५ घेऊन परिवहन कार्यालयात जावे लागते. विम्याच्या कागदावरूनही ते नाव काढावे लागते. अनेक जण हप्ते फेडून हे काम विसरतात आणि गाडी विकायला निघाले म्हणजे धावाधाव करतात. आम्ही त्याच जिन्यावर पुन्हा गेलो. माणूस दुसरा होता. त्याने कागद पुढे सरकवले, फुल्या मारलेलेच. अप्पांनी न बोलता ते माझ्याकडे वळवले.

या वेळी मी पहिल्या ओळीपासून वाचले. मोठ्याने वाचले आणि प्रत्येक वाक्य अप्पांना मराठीत सांगितले. एका जागी अडले, तेव्हा त्या माणसाला विचारले, “हे मला कळलं नाही. समजावून सांगा.” केवढे साधे वाक्य! सहा वर्षांपूर्वी ते माझ्या घशात अडकले होते. त्याने घड्याळाकडे पाहिले, पण सांगितले. गाडीचा नंबर तपासला, चेसिसचा नंबर तपासला. त्यात एक आकडा चुकला होता. तो त्यांनी दुरुस्त करून दिला. मग अप्पांनी टोपी सारखी केली आणि सही केली.

आता थांब्यावर अप्पांच्या गाडीपेक्षा माझ्या वाचनाची चर्चा जास्त असते. परवा एक तरुण चालक जुनी गाडी घ्यायचे कागद घेऊन घरी आला. त्याला नऊ टक्के सांगितले होते. मी म्हटले, “ते छोटं पत्रक मागून आण.” ते आणले तेव्हा खऱ्या दराच्या रकान्यात सोळाच्या वरचा आकडा होता. मी त्याला ‘घे’ म्हटले नाही आणि ‘घेऊ नको’ असेही म्हटले नाही. त्याची गरज त्याला ठाऊक. त्याने त्या दिवशी सही केली नाही. आणखी काही रोख जमवून कमी कर्ज काढतो म्हणाला.

शिकून तू काय होणार, असे मला पुष्कळ जण विचारतात. कलाशाखेच्या मुलीला तर हा प्रश्न जरा जास्तच विचारला जातो. उत्तर अजून माझ्यापाशी नाही. पण आमच्यासारख्या घरात जो पहिला शिकतो, त्याच्याकडे सगळे घर कागद वळवते, एवढे मला कळले आहे. तेव्हा येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणण्याची लाज सोडणे, हा मला माझ्या शिक्षणातला पहिला धडा वाटतो.

जुलैचे पान उलटले तेव्हा अप्पांनी सवयीने पेन काढले. पाच आकड्यापाशी हात गेला आणि थांबला. मग हसून पेन परत खिशात ठेवले. संध्याकाळी मी पाहिले, तर आई हप्त्याच्या डब्यात नोटा टाकत होती. पावसाळा होता, म्हणून पाचशेऐवजी शंभर.

मी म्हटले, “आई, हप्ता संपला.”

ती झाकण लावत म्हणाली, “असू दे. डब्याला सवय हाय.”